पिकअपचा मागचा स्टॅबिलायझर बार : तो काय करतो, काय करीत नाही व कसा बसवावा



या पानावर आम्ही एरवी लागण, खत, पाण्याच्या पाळ्या आणि खोडव्याची निगा यांबद्दल लिहितो. या खेपेस मात्र गाडीखाली शिरण्याची वेळ आली आहे. गट कार्यालयात येणाऱ्या सभासदांनी गेल्या काही महिन्यांत जेवढे प्रश्न बेण्याबद्दल विचारले, जवळपास तेवढेच पिकअप गाडीबद्दल विचारले. त्याला कारण घडले तेही बेण्यामुळेच.

गेल्या सुरू लागणीच्या वेळची गोष्ट. पूर्णाकाठच्या आपल्या एका सभासदाने शेजारच्या गटातून बेणे आणले. गाडी घरची, दीड टन क्षमतेची पिकअप, दोनच वर्षे वापरलेली. एका एकराचे बेणे एकाच खेपेत न्यायचे असा हिशोब. एकरी दोन डोळ्यांच्या दहा हजार टिपऱ्या धरल्या तर जात व जाडीप्रमाणे अडीच ते तीन टन ऊस लागतो. म्हणजे गाडीच्या दुप्पट माल. मोळ्या रचता रचता ड्रायव्हरच्या टपाच्या वर हातभर गेल्या. त्यावर दोन मजूर बसले. मोठ्या रस्त्याने गाडी बरी आली. गावाकडे वळताना रस्त्याची एक बाजू खचलेली होती. गाडी आधी उजवीकडे झुकली, ड्रायव्हरने स्टिअरिंग सावरले, तशी ती डावीकडे झुकली आणि तिकडेच नालीत आडवी झाली. वेग फार नव्हता, असे सगळेच सांगतात. एका मजुराचे मांडीचे हाड मोडले. तो अजून काठी घेऊन चालतो. बेण्याचे निम्मे डोळे घासले गेले, आणि त्या शेतात नांग्या भरता भरता सभासद मेटाकुटीला आला.

त्यानंतर चार सभासद आमच्याकडे आले. चौघांचा प्रश्न एकच : “साहेब, मागच्या धुऱ्याले एक लोखंडी गज बसवतेत म्हणे, मंग गाडी डुलत नाही. ते खरं हाय काय?” खरे आहे. पण अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे सांगण्यासाठी हा लेख आहे.

या गजाला मेकॅनिक लोक स्टॅबिलायझर बार म्हणतात, कोणी अँटी-रोल बार म्हणतात, तर काही जण स्वे बार म्हणतात. वस्तू एकच. कॅनडातील फ्रेडरिक्टन गावच्या स्टीफन कोलमन नावाच्या माणसाने १९१९ साली अशा बाराचे पेटंट घेतले, म्हणजे कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. मोटारींना पुढच्या बाजूला तो बहुधा कंपनीतूनच बसवलेला येतो. मागे अखंड धुरा आणि पाटे असलेल्या मालवाहू पिकअपपैकी काहींना तो असतो, काहींना नसतो. म्हणून बाजारात चौकशी करण्याआधी स्वतःच्या गाडीखाली वाकून पाहा. आमच्याकडे आलेल्या चौघांपैकी एकाच्या गाडीला बार होताच. फक्त त्याच्या एका बाजूची लिंक तुटून लोंबत होती आणि मालकाला त्याचा पत्ता नव्हता.

बार म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाचा, इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला गज. त्याचा मधला आडवा भाग रबरी बुशांमध्ये बसवून धुऱ्याला पकडतात. दोन्ही हात लहानशा उभ्या लिंकांनी चेसिसला जोडतात. काही गाड्यांत हे उलट असते. आता ओले धोतर पिळताना काय होते ते आठवा. दोघांनी दोन टोके एकाच दिशेने फिरवली तर धोतर नुसते गरगर फिरते, पीळ पडत नाही. एकाने इकडे व दुसऱ्याने तिकडे फिरवले की पीळ पडतो, आणि जितका पीळ जास्त तितका जोर जास्त लागतो. बाराचे तसेच आहे. दोन्ही चाके एकदम गतिरोधकावर चढली तर बार आपला फिरून जातो, काहीच करीत नाही. वळणावर मात्र गाडीचा सांगाडा एका अंगाला झुकतो. एका बाजूचा पाटा दबतो, दुसरा सुटतो, आणि बाराला पीळ पडतो. तो पीळ सुटू पाहतो, म्हणून झुकण्याला विरोध होतो. बाराचे काम एवढेच आहे.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि गॅरेजमध्ये त्या कोणी सांगत नाही. पहिली, बार वजन उचलत नाही. दोन्ही पाटे सारखे दबले तर बाराला त्याचे काही नाही. म्हणजे दीड टनाची गाडी बार लावल्यावरही दीड टनाचीच राहते. दुसरी, बार मालाची उंची कमी करीत नाही. गाडी उलटण्याचे मूळ कारण उंची हेच आहे.

हे थोडे आकड्यांत पाहू. आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत, तुमच्या गाडीचे थोडे वेगळे येतील. दोन चाकांमधील अंतर १ मीटर ४० सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून चाकापर्यंत ७० सेंटिमीटर. गाडी व माल मिळून वजनाचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर. वळणाची त्रिज्या ४० मीटर, आपल्याकडे मोठ्या रस्त्यावरून गावाकडे वळताना असते तशी. वळणावर सांगाडा झुकून वजनाचा मध्य १० सेंटिमीटर बाहेर सरकला असे समजा. म्हणजे ७० पैकी ६० उरले. या गाडीचे आतले चाक साधारण ताशी ४५ किलोमीटरला जमीन सोडते. आता बार बसवला आणि झुकणे १० वरून ६ सेंटिमीटरवर आले. मर्यादा होते साडेशेहेचाळीस. म्हणजे कमाई दीड किलोमीटरची. बार न लावता नुसता माल कमी व सखल भरून वजनाचा मध्य एक मीटर वीसवर आणला आणि झुकणे ८ सेंटिमीटर धरले, तर मर्यादा ५१ वर जाते. कमाई सहा किलोमीटरची, आणि तीही फुकटात.

मग बार कशाला, असे कोणी विचारील. कारण वरचा हिशोब सरळ, एकाच दिशेने घेतलेल्या वळणाचा आहे. त्या सभासदाची गाडी पहिल्या झोक्याला उलटली नाही. ती परतीच्या झोक्याला उलटली. गाडी एकीकडे झुकते, पाटे तिला परत फेकतात, आणि नेमके त्याच वेळी ड्रायव्हर स्टिअरिंग उलटे फिरवतो. दोन्ही एकत्र आले की दुसरा झोका पहिल्यापेक्षा मोठा होतो. अशा वेळी बाराचा खरा उपयोग होतो. पहिला झोकाच लहान राहतो, म्हणून परतीचाही लहान राहतो, आणि ड्रायव्हर घाबरून स्टिअरिंग ओढत नाही. ओव्हरटेक करताना, एस.टी. अंगावरून गेली की येणाऱ्या वाऱ्यात, उघड्या पुलावर फरक लगेच जाणवतो. आम्ही गट कार्यालयाच्या बेणे मळ्याच्या पिकअपला बार बसवला, त्याला आता एक हंगाम झाला. ड्रायव्हर म्हणतो, संध्याकाळी खांदे दुखत नाहीत.

तोटाही सांगितला पाहिजे. बार बसवण्यापूर्वी व नंतर आम्ही एक साधा प्रयोग केला. सपाट जागी गाडी उभी करून मागच्या एका चाकाखाली चार इंच जाडीची फळी घातली आणि हौद्याच्या मागच्या फाळक्याला ओळंबा सोडला. बार नसताना पाट्यांनी बराच भाग पचवला होता आणि हौदा थोडाच तिरका झाला. बार बसवल्यावर त्याच फळीवर हौदा अर्धा-पाऊण इंच अधिक तिरका झाला. म्हणजे वळणावर जो बार हौद्याला सरळ ठेवतो, तोच बार एक चाक वर चढले की हौद्याला धुऱ्याबरोबर तिरका ओढतो. आपल्या काळ्या जमिनीतल्या पांदण रस्त्यांचा विचार करा. ही जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा रस्ता लाटालाटांचा होतो. एक चाक चाकोरीत व एक वरंब्यावर, ही तिथली नेहमीची चाल. तिथे बार लावलेली गाडी जास्त हिंदकळते, आणि एखादे चाक हलके पडून चिखलात नुसते फिरत बसते. तेव्हा ज्यांची गाडी वर्षातले दहा महिने शेत ते गाव अशीच फिरते, त्यांनी बाराच्या नादी लागू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यांना दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, परतवाडा अशा फेऱ्या डांबरी रस्त्याने कराव्या लागतात, संत्र्याचे क्रेट किंवा कापसाची बोंद्री यांसारखा उंच माल न्यावा लागतो, त्यांना तो उपयोगी आहे. पातूरच्या घाटातून वाशीमकडे जाणाऱ्यांना तर नक्कीच.

डांबरी रस्त्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला राष्ट्रीय महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आपल्या भागाला अभिमान वाटावा असेच ते काम. पण जुन्या खड्ड्यांच्या रस्त्यावर पिकअप आपोआप चाळीसने जायची, ती आता नव्वदने जाते, आणि गावाकडे वळायचा फाटा मात्र होता तसाच आहे. वेग महामार्गाचा आणि वळण पांदणीचे, असे झाले आहे.

आता बसवण्याकडे वळू. त्याआधी कागदाचे पाहून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. तेव्हा कंपनीच्याच सुट्या भागांच्या यादीत तुमच्या मॉडेलसाठी मागचा बार असेल तर तोच घ्यावा. बाहेरचा घ्यायचा असेल तर आधी अमरावती किंवा अकोला येथील परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे व विमा कंपनीला लेखी कळवावे. आणि एवढे सगळे करून गाडी जादा माल भरताना सापडली तर बाराचा काहीच उपयोग नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये जादा वजनासाठी वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा दंड लिहिला आहे. बेण्याच्या एका खेपेचे डिझेल वाचवण्यासाठी ही किंमत मोजायची काय, याचा हिशोब सभासदांनी स्वतः करावा.

बार निवडताना जाड तो चांगला, असे समजू नका. बाराचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरऐवजी २५ मिलिमीटरचा घेतला तर जाडी सव्वापट, पण ताठपणा जवळजवळ अडीचपट. मागचा बार फार ताठ झाला की वळणावर मागच्या बाहेरच्या चाकावर सगळा भार येतो आणि गाडीचा मागचा भाग बाहेर घसरू पाहतो. माल भरलेला असताना हे कमी जाणवते. रिकामी गाडी, पहिला पाऊस आणि गुळगुळीत डांबर, या तिघांची गाठ पडली की जाणवते. बाराच्या हाताला दोन भोके असतील तर सुरुवात टोकाकडच्या भोकापासून करावी. हात लांब तितका बार मऊ.

दुसऱ्या गाडीचा जुना बार आणून, मध्ये कापून, वेल्डिंग करून बसवण्याची एक स्वस्त युक्ती आपल्याकडे चालते. ती करू नका. हे पोलाद तापवून-विझवून खास कणखर केलेले असते. वेल्डिंगच्या आचेने तेवढ्या जागी त्याचा कणखरपणा जातो आणि तो नेमका तिथेच मोडतो. मोडतो तोही वळणावर, कारण जोर तिथेच येतो. त्याचप्रमाणे धुऱ्याच्या हाउसिंगला वेल्डिंग करणे, किंवा चेसिसच्या वरच्या व खालच्या पट्टीला नवीन भोक पाडणे, हे दोन्ही टाळावे. चांगल्या संचात यू-बोल्टने पकडणारे ब्रॅकेट येतात किंवा चेसिसची मूळ भोके वापरलेली असतात.

बार आणण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करून दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यापासून वर हौद्याच्या कडेपर्यंत अंतर टेपने मोजा. दोन्हीकडे सारखे आले पाहिजे. एका बाजूला इंचभर कमी असेल तर पाटा बसला आहे किंवा तुटला आहे. त्याला बार हे औषध नाही. सेंटर बोल्ट, यू-बोल्ट, शॅकलचे बुश, शॉकॲब्सॉर्बर आणि टायरमधील हवा आधी पाहून घ्या. आमच्या चार सभासदांपैकी दोघांची गाडी नुसते शॉकॲब्सॉर्बर बदलल्यावर निम्मी शांत झाली. त्यांनी बार घेतलाच नाही, आणि आम्हीही घ्या म्हटले नाही.

बसवण्याचे काम दोन माणसांचे, अर्ध्या दिवसाचे. गॅरेजमध्ये खड्डा असेल तर उत्तम, कारण तिथे गाडी आपल्याच चाकांवर उभी राहते. खड्डा नसेल तर पुढच्या चाकांना ओट लावा, मागून जॅकने उचला आणि धुऱ्याखाली दोन्हीकडे मजबूत घोड्या द्या. जॅकवर भरवसा ठेवून कोणीही गाडीखाली जाऊ नये. विटा व लाकडी ठोकळे यांच्यावर तर मुळीच नको. घोड्या धुऱ्याखालीच का, चेसिसखाली का नाही, याला कारण आहे. धुऱ्याखाली दिल्या म्हणजे गाडीचे वजन पाट्यांवरच राहते आणि बार नेहमीच्या स्थितीत बसतो.

धुऱ्याची जागा तारेच्या ब्रशने घासून माती व ग्रीस काढा. बुश बारावर चढवा. रबरी बुशला साधे ग्रीस लावू नये, रबर फुगते व कुजते. पॉलियुरेथेनचे बुश असतील तर संचाबरोबर आलेले सिलिकॉन ग्रीस आतून लावावे, नाहीतर गाडी बैलगाडीसारखी कुरकुरते. बार धुऱ्याला लावून ब्रॅकेटचे नट नुसते हाताने फिरवा, आवळू नका. मग लिंका जोडा. दोन्ही बाजूंचे अंतर मोजून बार बरोबर मध्यावर आणा. दोन्ही लिंका सारख्या लांबीच्या व जवळपास उभ्या असल्या पाहिजेत. एक आखूड एक लांब झाली तर सपाट रस्त्यावरही बाराला पीळ राहतो आणि गाडी कायम एका अंगाने चालते. हे झाल्यावर, आणि गाडीचे वजन चाकांवर असतानाच, सगळे नट शेवटचे आवळावेत. चाके लोंबत असताना आवळले तर बुश त्या स्थितीत पिळलेले राहतात आणि काही महिन्यांत फाटतात. टॉर्कचा पाना वापरावा, आणि संचाच्या कागदावर जो आकडा दिला असेल तोच धरावा. लॉक नट एकदा काढले की नवे घालावेत.

आता आमची चूक सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. आमच्या गाडीला बार बसवला एका गॅरेजमध्ये, रिकाम्या गाडीवर. सगळे छान दिसत होते. बार व ब्रेकची नळी यांत दोन बोटे अंतर होते. मेकॅनिक म्हणाला झाले, आम्हीही पैसे देऊन निघालो. आठ दिवसांनी बेणे भरून उभी केलेल्या गाडीखाली कशासाठी तरी वाकलो, तेव्हा दिसले की माल भरल्यावर पाटे दबून धुरा वर गेला होता, आणि बाराचा हात ब्रेकच्या रबरी नळीला टेकला होता. नळीवरचा थर घासून आतली जाळी दिसू लागली होती. आणखी आठ दिवस गेले असते तर भरलेल्या गाडीचा ब्रेक कुठेतरी उतारावर गेला असता. झुकण्याची भीती घालवायला गेलो आणि त्याहून मोठे संकट स्वतः बांधून घेतले होते. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही, हे खरे आहे.

तेव्हा बार बसवून झाल्यावर गाडीत तिच्या क्षमतेइतकी पोती भरा आणि मग पुन्हा खाली वाकून पाहा. ब्रेकच्या नळ्या, हँडब्रेकची केबल, सायलेन्सरचा पाइप, डिझेलची टाकी आणि खाली टांगलेली स्टेपनी, यांपैकी कशालाही बार लागता कामा नये. काही गाड्यांच्या मागच्या धुऱ्याला मालाप्रमाणे ब्रेकचा जोर कमी-जास्त करणारा व्हॉल्व आणि त्याचा लहान दांडा असतो. तो दांडा मोकळा हलला पाहिजे, तो वाकवून जागा करू नये. नंतर एका मागच्या चाकाखाली फळी घालून पुन्हा पाहा, कारण तिरक्या स्थितीत बाराचा एक हात वर व दुसरा खाली जातो. शंभर किलोमीटरनंतर सगळे नट परत तपासा. पुढे दर सर्व्हिसिंगला लिंकांचे बुश पाहावेत. कट-कट आवाज येऊ लागला तर लिंक गेली असे समजावे.

बसवल्यानंतरचे पहिले चार दिवस गाडी रिकामीच चालवा. मोकळ्या रस्त्यावर हळूहळू वळणे घेऊन नवा अंदाज येऊ द्या. पूर्वी गाडी झुकायची, तेव्हा ड्रायव्हरला पोटात कळायचे की वेग जास्त झाला. आता ती झुकत नाही, म्हणून ते कळत नाही. हा बाराचा सर्वांत मोठा धोका आहे असे आम्हाला वाटते. आमच्याच मळ्यावर, बार बसवल्यावर तिसऱ्या दिवशी, भरणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला : “आता तं गाडी डुलतच नाही ना भाऊ, मंग दहा मोया आणखी टाकाले काय होते?” तो माणूस चांगला, कामाला वाघ. पण त्याच्या मनात जे आले ते प्रत्येकाच्या मनात येते. आम्ही मोळ्या टाकू दिल्या नाहीत.

राहिला बेण्याच्या वाहतुकीचा मूळ प्रश्न. एकराचे बेणे दीड टनाच्या गाडीने दोन खेपांत न्यावे. ऊस गाडीच्या लांबीत आडवा रचावा, जाड बुडखे एक आड एक पुढे-मागे करावेत, म्हणजे थर सपाट बसतो आणि उंची कमी होते. वाढे शेतातच तोडून टाकावेत, उगाच वजन व उंची वाढते. पाचट मात्र वाहतुकीत अंगावरच राहू द्यावे. डोळ्यांना तेवढेच संरक्षण असते, आणि गाडी कितीही शांत चालली तरी उघडे डोळे घासतातच. दोर हौद्याच्या चारही कड्यांना घेऊन मध्ये ताणावा. मालावर माणूस बसवू नये. ते कायद्याला मान्य नाही, आणि त्या मजुराची काठी आम्ही दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी पाहतो.

ज्यांना दोन खेपांचा खर्च जड वाटतो त्यांनी रोप लागणीचा विचार करावा. पाच फुटी सरीत दोन फुटांवर एक रोप धरले तर एकरी ४,३५६ रोपे लागतात, आणि त्यांचे वजन बेण्याच्या उसाच्या मानाने किरकोळ असते. ट्रे एकावर एक रचण्यापेक्षा हौद्यात लाकडी मांडणी करून ठेवावेत. को ८६०३२ व को एम ०२६५ या दोन्ही जातींत अशी लागण करता येते. खारपाण पट्ट्यातील सभासदांनी जमीन व पाणी तपासून को एम ०२६५ घ्यावा.

गट कार्यालयाच्या गाडीला बसवलेला बार कोणाला पाहायचा असल्यास मंगळवारी व शुक्रवारी सकाळी बेणे मळ्यावर यावे. येताना आपली गाडी घेऊन यावी. टेप, ओळंबा आणि चार इंची फळी आम्ही ठेवतो. अंतर मोजून देऊ, पाटे व यू-बोल्ट पाहून देऊ. गाडी भरून आणणार असाल तर वाटेत आधी वजनकाट्यावर घालून या.